तीन भिंतींवरची एक बाई

मास्तर,

इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी सांगितलं, तुम्ही मास्तरांचे सगळ्यात जुने दोस्त, त्यांच्या आठवणींच्या अंकासाठी चार शब्द लिहून द्या. मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, ती पण अर्धीमुर्धी. ते म्हणाले, जसं बोलता तसं लिहा. तर जसं बोलतो तसं लिहितोय. सूनबाई शुद्धलेखन बघणार आहे. तिला सांगून ठेवलंय, ऱ्हस्व-दीर्घ बघ, शब्दाला हात लावू नकोस. अंकवाल्यांना पसंत पडलं नाही तर कागद वापस करा, चक्कीचं तेल पुसायला कामी येतील.

बाकीच्यांनी काय लिहिलंय ते मी ऐकलं. मास्तर देवमाणूस होते, मास्तरांच्या बोटांत जादू होती. लिहू देत. मी जन्मभर तुला तुम्ही म्हटलं, तू शिकलेला, शाळेत ड्रॉइंगचा मास्तर. आज तू म्हणणार आहे. रागावलोय म्हणून म्हणणार, आणि परक्यावर मी इतका रागावत नाही.

हजीऱ्याच्या वस्तीतली मिल बंद पडली तेव्हा मी इंदरगंजच्या मागच्या गल्लीत चक्की टाकली. मिलमध्ये फिटर होतो. आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेबरोबर घोड्यावरून दक्खनेतून आले आणि मी लोकांचे गहू दळत बसलो, हे मला त्या दिवसांत फार लागायचं. तू पहिल्यांदा डबा घेऊन आलास तेव्हा मी कोणाशी धड बोलत नव्हतो. तू विचारलंस, "आपण कुठले?" मी म्हटलं, "इथलेच. पण आमच्या घरात सुभेदारी होती." दुसरा कोणी हसला असता. तू गंभीर तोंड करून म्हणालास, "मग सुभेदार, जरा बारीक दळा." तेव्हापासून मी सुभेदार. दुसऱ्या कोणी तसं म्हटलं असतं तर त्याचा डबा रस्त्यावर गेला असता.

मशीनच्या वर देवीचं कॅलेंडर होतं. पट्टा चढवायच्या आधी मी तिला हात जोडायचो. एकदा तू बाकावर बसून बघत होतास.

"सुभेदार, हात कोणाला जोडलेत?"

"देवीला."

"तिथे देवी कुठे आहे? कागद आहे, शाई आहे आणि खाली मिठाईवाल्याचा पत्ता आहे."

"तुम्हाला पत्ता दिसतो, मला देवी दिसते."

"तेच म्हणतोय मी. देवी तुमच्या डोळ्यांत आहे. कागदावर नाही."

"मग मी काय डोळे मिटून पट्टा चढवू? बोटं जातील."

इथून आपलं भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत संपलं नाही. तुझं म्हणणं एकच. चित्र म्हणजे कापड, सरस आणि रंग. भिंतीवर तेवढंच असतं. बाकी सगळं बघणाऱ्याचं, तो उठून गेला की तेही गेलं. मी म्हणायचो, तुम्ही गच्चीवरून किल्ला काढलात, आता घराला कुलूप लावून बाड्यावर बाजाराला गेलात, तर तो किल्ला कुठे जातो? तू म्हणायचास, किल्ला नसतोच. बरं, रंग तरी निळा असतो ना? तू म्हणायचास, अंधारात निळाही नसतो. मग मी विचारायचो, कुलूप उघडल्याबरोबर परत कसा येतो, धावत? तू खूप हसायचास आणि पीठ थंड झालं तरी डबा उचलायचा नाहीस. मला शाळा नव्हती, पण तुझ्यासमोर मला शाळा नसल्याचं कधी वाटलं नाही. हे तुझं देणं आहे. ते मी नाकारत नाही.

मंजुळा, माझी बायको, त्याच्या कितीतरी आधी गेलेली. काविळीने गेली, अनिल पाच वर्षांचा होता. आमच्यात घरची सवाष्ण गेली की देव्हाऱ्यात तिच्या नावाचा टाक बसवतात. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. मी सराफ्यातून करून आणला होता. एका नवरात्रात तू घरी जेवायला आलास आणि देव्हाऱ्यासमोर उभा राहिलास.

"सुभेदार, हा तर साचा आहे. सराफ्यात असे ओळीने ठेवलेले असतात. याला नाक पण नाही."

"नाक काय करायचंय? ती आहे तिथे."

"आणि चेहरा? आठवतो?"

"आठवतो म्हणजे काय, समोर आहे."

मी खरं बोललो होतो. फोटो घरात एकच होता, अनिलच्या जावळाचा, आणि त्यात ती पोरावर वाकलेली, पदर पुढे आलेला. चेहऱ्याच्या जागी नुसता पदर. पण मला फोटो लागत नव्हता. पट्टा फिरत असताना, पिठाच्या धुरळ्यात, मी तिला रोज बघत होतो.

तू म्हणालास, "समोर आहे तर सांगा. मी काढतो."

तो सगळा हिवाळा मी दर रविवारी तुझ्याकडे येत होतो. धुतलेला सदरा घालून. तू फळीची पाठ माझ्याकडे करून धरायचास. पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नाही, ही तुझी पद्धत. कपाळ विचारलंस, भुवया विचारल्यास, नाक विचारलंस.

"डोळे कसे?"

"मोठे."

"मोठे म्हणजे कोणासारखे?"

"कोणासारखे म्हणजे? तिच्यासारखे."

"सुभेदार, तुम्ही पोलिसात बयान द्यायला बसलात का? जरा बोला."

मग मी बोलायला लागलो. कोणाशी बोललो नव्हतो ते बोललो. ती मला नावाने हाक मारायची नाही, 'अहो' पण म्हणायची नाही, 'मिलवाले' म्हणायची. "मिलवाले, जेवायचं का भिंतीकडे बघत बसायचं?" भाजीवालीशी भांडताना कमरेवर हात ठेवायची आणि भांडण संपलं की तिलाच घरात बोलावून पाणी द्यायची. लहानपणी चुलीतलं जळतं लाकूड लागून हनुवटीखाली खूण राहिली होती, ती पण सांगितली. तुझा कोळसा कागदावर घसघस चालायचा आणि मला वाटायचं, ती येतेय. माझ्या तोंडातून निघून तुझ्या फळीवर उतरतेय.

फाल्गुनात तू फळी फिरवलीस.

ती होती. मी तुला शपथेवर सांगतो, ती होती. मिल बंद पडली तेव्हा मी रडलो नव्हतो, ती गेली तेव्हा लोकांसमोर रडलो नव्हतो. तुझ्यासमोर रडलो. खूण फक्त बोटभर वर झाली होती, ती तुझ्याकडून पुसून खाली करवून घेतली. तू पाणी दिलंस आणि म्हणालास, "तुम्हीच काढलंत हे. माझा नुसता हात." ते वाक्य मी आजपर्यंत तुझा मोठेपणा समजत होतो.

मी विचारलं, "आता सांगा मास्तर, इथे काही नाही?" तू म्हणालास, "आज नको, सुभेदार." मला वाटलं, मी जिंकलो.

चित्र बैठकीत लागलं. मोहल्ल्यातले लोक बघून गेले, हुबेहूब म्हणाले. ज्यांनी तिला पदराशिवाय कधी बघितलं नव्हतं ते पण म्हणाले. अनिल त्या चित्रासमोर मोठा झाला, त्याची वधू त्या चित्राला नमस्कार करून घरात आली. सकाळी उदबत्ती लावून मी दिवसभराचं तिला सांगायचो, कोणाचं दळण आलं, कोणी दगड मिसळून गहू दिले. आणि तू भेटलास की आधी विचारायचास, "वहिनी बऱ्या आहेत ना?" दर वेळी. मी म्हणायचो, बऱ्या आहेत. शेवटी तू अंथरुणाला खिळलास, आवाज नीट निघत नव्हता, मी आत आलो तर तेच. "वहिनी बऱ्या आहेत ना?" आता मला कोणीतरी सांगा, हा माणूस काय विचारत होता?

तुझं तेरावं झालं. मग मंडळाने सभा ठेवली. ज्यांच्या घरी मास्तरांची चित्रं असतील त्यांनी आणा, हॉलमध्ये लावू. मी आमचं चित्र धोतरात गुंडाळून नेलं. सेक्रेटरी स्टुलावर चढून सुतळीने बांधत होते. किल्ला एका भिंतीला, गणपती दुसऱ्या भिंतीला, माणसं तिसऱ्या भिंतीला. मी पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसलो, कारण माझं चित्र मध्यावर होतं आणि ते सगळ्यांत चांगलं होतं.

बँकेतून रिटायर झालेल्या कुलकर्णी बाईंनी त्यांच्या घरचं चित्र आधीच पाठवलं होतं. त्या आल्या आणि माझ्या चित्राकडे बोट करून म्हणाल्या, "अगबाई, आमच्या सासूबाईंचा चष्मा कुठे गेला?"

मी म्हटलं, "त्या तुमच्या सासूबाई नाहीत. ती माझी बायको आहे."

मागून एक आवाज आला. "माफ करना दादा, पर ये तो हमारी अम्मा हैं।" हजीऱ्यात पंखे दुरुस्त करणारा तोमर. त्याच्या बगलेत त्याचं चित्र.

सेक्रेटरींनी तिन्ही चित्रं शेजारी शेजारी टांगली. भल्या माणसाला कळलं नाही आपण काय करतोय. एकीला चष्मा, एकीला नाकात मोठी नथनी, आमच्या हिला हनुवटीखाली खूण. बाकी बाई एकच. तेच कपाळ, त्याच भुवया, डावीकडे किंचित कललेली तीच मान. मग सेक्रेटरी म्हणाले, "शैली आहे. मोठ्या कलाकाराची एक शैली असते." मागे कोणीतरी खुदकन हसलं.

मी उठलो, सुतळी दातांनी तोडली आणि चित्र घेऊन बाहेर पडलो. टेंपोत समोरच्याने विचारलं, "माताजी हैं?" मी चित्र उलटं करून मांडीवर धरलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेलो. तुझी नीलू एकटी आवराआवर करत होती. मी बसलो पण नाही. विचारलं, "हा चेहरा कोणाचा आहे? तुझ्या आईचा?"

"नाही काका. आई अशी नव्हती."

"आत्या? मावशी? दुसरी कोणी?"

"मला माहीत नाही. बाबांना विचारलं होतं मी. म्हणाले, हातात बसलेला चेहरा आहे." मग म्हणाली, "काका, तुम्ही रविवारी यायचात ना, मी चहा आणायचे. बाबा तेव्हा काकूंना काढतच नसायचे. तुम्हाला काढायचे. तुमचे हात, तुम्ही बोलताना कसे बसता ते. खूप कागद होते. रद्दीत गेले."

तिला वाटलं मला बरं वाटेल. मी बायको सांगत होतो आणि तू माझे हात काढत होतास. विचारलं होतं का मला? मी काय तमाशा होतो? आतलं सगळं उकरून तुझ्यासमोर ठेवलं, ते तू ऐकलंस, आणि कोनाड्यातून एक तयार बाई काढून माझ्या हातात दिलीस.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, इतकी वर्षं काय फुकट भांडलो? म्हणशील, सुभेदार, टाक पण सगळ्यांच्या घरी सारखाच असतो, तिथे तुम्हाला बायको दिसतच होती. तर ऐक. सोनाराने मला कधी सांगितलं नाही की हा चेहरा तिचा आहे. टाक म्हणतो, मी पत्रा आहे, तुझं माणूस तू आण. म्हणून मी तिला आणत होतो, रोज, जशी होती तशी. तुझं चित्र म्हणालं, तू बस, मी आणलीय. आणि मी बसलो. गेली वीस-बावीस वर्षं बसलो.

हजीऱ्याला तोमरकडे पण गेलो. त्याला चांगलं सुनवायचं ठरवून गेलो होतो, की तुझी अम्मा पण खोटी आहे. त्याने चित्र परत दुकानात लावलेलं, उघड्या पंख्यांच्या वर, झेंडूची माळ घालून.

"बुरा नहीं लगा?" मी विचारलं.

"काहे का बुरा?"

"अरे, ही तुझी अम्मा नाही. मेरी बीवी है. म्हणजे ती पण नाही."

तोमर हसायला लागला. "आपकी बीवी और हमारी अम्मा? तो दादा, आप तो हमारे बाप हुए। बैठिए, चाय पीजिए।"

मला हसू आलं नाही. चहा मात्र घेतला. मग तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "अम्मा गई तब मैं गोद में था। मेरे पास था ही क्या, दादा? मास्टरजी ने पूछा, अम्मा कैसी थीं? मैंने कहा, पता नहीं। उन्होंने बना दी।"

परत येताना किल्ल्याच्या खालून येत होतो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोमरकडे काही नव्हतं, त्याला मिळालं. माझ्याकडे होतं. घरी येऊन मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं, चक्की बंद केली आणि डोळे मिटून तिला बोलावलं. तुझी बाई आली. परत बोलावलं, परत तीच. भाजीवालीशी भांडणारी आठवली तर त्या भांडणात पण तीच, डावीकडे मान कलवून. कावीळ झालेली आठवली तर पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यावर पण तीच. आवाज आहे. "मिलवाले" तसंच्या तसं ऐकू येतं. आवाज तुला काढता येत नव्हता म्हणून वाचला.

तू म्हणायचास, चित्रात काही नसतं. मास्तर, काही नसतं तर त्याने माझी बायको कशी खाल्ली?

आणि हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. ते चित्र नसतं तर त्या घरात मी इतकी वर्षं कोणाशी बोललो असतो? मंजुळाबरोबर जेवढं राहिलो त्याच्या तिप्पट त्या बाईबरोबर राहिलो. ती जी कोण असेल ती, वाईट वागली नाही माझ्याशी. तिच्यावर राग नाही. तुझ्यावर आहे. एकदा सांगायचं होतंस. बाकावर बसून, पीठ थंड होत असताना. मी डबा फेकला असता, महिनाभर बोललो नसतो, मग बोललो असतो. तू मला तेवढं पण ओळखलं नाहीस.

शेवटी मी जे कधी केलं नसतं ते केलं. मंजुळाची धाकटी बहीण सुमन झाशीला असते. आमचं बोलणं बंद होतं. तिच्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं मला सगळ्यांच्या नंतर आलं, मी गेलो नाही, मग ती पण कधी आली नाही. चित्र तिने बघितलेलंच नव्हतं. सूनबाईला म्हटलं, लाव फोन, तोंड दिसतं तो.

सुमनचे केस पांढरे झालेत. मला बघून ती घाबरली.

"दाजी? कोणी गेलं का?"

"गेलं. तुझ्या ओळखीचं नाही. एक चित्र दाखवायचंय."

सूनबाईने चित्र सरळ केलं आणि फोन त्याच्याकडे धरला. सुमनने चष्मा घातला.

"छान आहे बाई. कोण आहे?"

"नीट बघ."

"बघितलं. नाही ओळखलं."

"तुझी ताई आहे."

ती फोनच्या आणखी जवळ आली. मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "दाजी, ताई अशी कुठे होती हो? ताईचे दात पुढे होते. वरचे दोन. ओठ मिटायचेच नाहीत तिचे. पाहुणे बघायला येणार म्हटलं की आई तिला तोंड दाबून बसायला शिकवायची. तुम्ही आलात तेव्हा पदर धरून बसली होती तोंडावर, विसरलात?"

मी फोन सूनबाईच्या हातात दिला आणि अंगणात गेलो.

मास्तर, तिचे दात पुढे होते. हसू आलं की हसायच्या आधी तिचा हात तोंडावर जायचा. लग्नानंतर थोड्या दिवसांनी मी तो हात धरून खाली ओढला होता आणि म्हटलं होतं, राहू दे, इथे कोण बघतंय. त्यानंतर तिने माझ्यासमोर कधी तोंड झाकलं नाही. बाहेर झाकायची, सासूसमोर झाकायची, माझ्यासमोर उघडं हसायची. तू काढलीस ती पाहुण्यांसमोर बसलेली बाई आहे, ओठ घट्ट मिटून. तशी ती माझ्या घरात कधी बसली नाही.

अंगणात उभं राहिल्यावर ती आली. पूर्ण नाही आली. तोंड आलं, ते दोन दात आले, हनुवटी आली. वरचं अजून तुझंच आहे, ते डोळे अजून तुझ्या बाईचे आहेत. मी रोज थोडं थोडं ओढतोय, निघेल तेवढं निघेल.

कपाळ विचारलंस तू. भुवया विचारल्यास, नाक विचारलंस, डोळे दहा वेळा विचारलेस. हसायची कशी, हे एकदा विचारायचं होतंस.